एम.ए. दुसरं सेमिस्टर: इलेक्टिव्ह, ओजेटी अन् सव्वाचारची गाडी

पऱ्हाटी विचारते:

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून एम.ए. अर्थशास्त्र करते, रेग्युलर. पहिलं सेमिस्टर झालं, दुसऱ्याचं रजिस्ट्रेशन सुरू आहे आणि शेवटची तारीख डोक्यावर आली आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. शिकवणारे चांगले आहेत, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको.

इलेक्टिव्हला दोन पेपर दिले आहेत, कृषी अर्थशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र. मला कृषी पाहिजे. घरी सात एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. सासरे रोज संध्याकाळी मोबाइलवर भाव पाहतात आणि भाव पडला की माझ्याकडे पाहतात, जसा काही मीच पाडला. "काय शिकवतेत वो तुमच्या अर्थशास्त्रात?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यांना एकदा तरी धड उत्तर द्यायचं आहे. ते लोकसंख्याशास्त्रातून निघायचं नाही.

फॉर्म भरायला गेले तर विभागप्रमुख म्हणाले, कृषीला तिघंच आहेत, ते चालणार नाही, सगळ्यांनी लोकसंख्या लिहा. मग फॉर्मवर दोन चौकोन छापलेच काहून? मी अजून कुठलाच भरला नाही, फॉर्म पिशवीतच आहे.

दुसरी अडचण टाइमटेबलची. अकरा ते एक दोन तास होतात, मग दोन तास नुसतं बसायचं आणि तीनपासून पुन्हा वर्ग. शेवटचा तास चार ते पाच. आमच्या गावची गाडी स्टँडवरून सव्वाचारला सुटते. पुढची साडेसहाची, ती असली तर असते. ती धरली तर फाट्यावर उतरून दोन किलोमीटर पायी, आणि जानेवारीत तोवर काळोख झालेला असतो. २०१८ साली ज्या वाघिणीची बातमी देशभर गेली ती आमच्याच पट्ट्यातली. तेव्हापासून अंधारात त्या रस्त्यानं एकटंदुकटं कोणी येत नाही, बाईमाणूस तर नाहीच. म्हणजे शेवटचा तास रोज सोडायचा आणि वर ७५ टक्के हजेरीची नोटीस वाचायची.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणी म्हणतं की कृषी अर्थशास्त्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवरून ऑनलाइन कर, क्रेडिट मिळतात. खरं आहे का? ओजेटी, म्हणजे बाहेर कुठं तरी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा, ती कुठं करायची हेही आपलं आपणच शोधा म्हणाले. आणि परीक्षेच्या टेबलवरच्या मॅडम म्हणाल्या की क्रेडिट जमा होतात त्या माझ्या एबीसी आयडीवरचं नाव जुळत नाही. आधारवर सासरचं नाव आहे, बी.ए.च्या मार्कशीटवर माहेरचं.

एवढं सगळं एकदम विचारते म्हणून राग मानू नका. ज्याला जे माहीत असेल ते सांगा.


जावक_क्रमांक:

ताई, मी एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेच्या टेबलवर बसतो. तुमच्या नाही, दुसऱ्या. पण टेबल सगळीकडं सारखाच.

आधी टाइमटेबल घेतो, कारण बाकीची गाठ तिथंच बसली आहे. कागद-पेन घ्या. एम.ए.च्या एका सेमिस्टरले २२ क्रेडिट, दोन वर्षांचे ८८. नवीन शैक्षणिक धोरणाचा हा साचा आपल्याकडं २०२३-२४ पासून आला. पहिल्या सेमिस्टरले रिसर्च मेथडॉलॉजी होती ना तुमाले, ४ क्रेडिटची? दुसऱ्यात तिच्या जागी ओजेटी येते. म्हणजे १४ मेजरचे, मुख्य विषयाचे, ४ इलेक्टिव्हचे, ४ ओजेटीचे. आता थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं धरलं तर एका क्रेडिटले आठवड्याचा एक तास. ओजेटी वर्गात होतच नाही, ते ४ काढून टाका. राहिले १८. सहा दिवसांत वाटले तर रोजचे तीन तास. अकरा, बारा, एक. दोन वाजता तुम्ही मोकळ्या. पाचपर्यंत थांबवायचं कारण क्रेडिटात कुठंच सापडत नाही. तुमचं टाइमटेबल मोजून पाहा, १८च्या वर भरत असतीन तर ते कशाचे हेही विचारा.

तर अर्ज हा करायचा: "एम.ए. भाग १ चे तास सलग ठेवावेत." इलेक्टिव्ह पाहिजे, गाडी सुटते, वाघाची भीती, हे सगळं एकाच कागदावर लिहू नका. एका अर्जात एकच मागणी. खाली वर्गातल्या जेवढ्या सह्या मिळतीन तेवढ्या घ्या, बाहेरगावच्या पोट्ट्यांच्या आधी. त्यांच्या नावापुढं गाव आणि गाडीची वेळ लिहा. प्राचार्यांच्या नावानं, विभागप्रमुखांमार्फत, दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. साहेब आत आहेत, चहा घेऊन रायले, नंतर या, असं कोणी म्हटलं तर म्हणायचं, साहेब नाही पाहिजेत, शिक्का पाहिजे.

टाइमटेबल पहिल्या एकदोन आठवड्यांतच हलते. त्यानंतर ते विद्यापीठाले गेलं, नोटीस बोर्डवर लागलं, शिक्षकांनी आपापल्या गाड्या त्यावर बसवल्या की कोणाचा बाप आला तरी हलत नाही.

आता ते दोन चौकोन. विद्यापीठ इलेक्टिव्ह विषयांची यादी देते, तिले बास्केट म्हणतात, त्यातलं काय चालवायचं ते कॉलेज ठरवते, शिकवणारा माणूस आणि मुलांची संख्या पाहून. त्यामुळं सर खोटं बोलले असं नाही. पण कमीत कमी किती मुलं पाहिजेत हा आकडा विद्यापीठाच्या परिपत्रकात असते, विभागप्रमुखाच्या तोंडात नाही. तो मागा. विचारताना गोडीनं विचारा, "सर, तो नियम पाहायले भेटीन का?" आकडा पाच असला अन् तुम्ही तीन असाल तर अजून दोघं फिरवता येतात. आकडा दहा असला तर विषय संपला.

स्वयमबद्दल. खरं आहे, यूजीसीच्या २०२१च्या नियमानं एका सेमिस्टरच्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून घेता येतात. पण ग्रुपवाल्यांनी अर्धंच सांगितलं. आपल्या मनानं नाव नोंदवलं, परीक्षा दिली आणि सर्टिफिकेट आणून टेबलवर ठेवलं, तर ते माझ्या टेबलवरच राहते. तो कोर्स तुमच्या पेपरच्या जागी चालते हे विद्यापीठानं आधी मान्य केलेलं पाहिजे, कॉलेजनं लेखी परवानगी दिलेली पाहिजे, आणि क्रेडिटही जुळले पाहिजेत. ४ क्रेडिटच्या पेपरले ३ क्रेडिटचा कोर्स आणला तर उरलेलं एक कोण देईन? वर्ग फुकट असतात, परीक्षेले फी पडते अन् केंद्र मोठ्या गावाले येते. आमच्याकडं सगळ्यात जास्त रडारड निकालाची होते. तिकडचा निकाल इकडच्या निकालाच्या वेळेवर येईनच याची हमी नाही, मग मार्कशीटवर तो पेपर रिकामा अन् पोट्टे आमच्या खिडकीवर.

नावाचं लंबं आहे, रात्री लिहितो. परीक्षा फॉर्मची वेळ आहे, खिडकीवर रांग लागली.


घड्याळी_तास:

मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो, दोन कॉलेजांत. जावकभाऊंचं गणित बरोबर आहे, पण ते मधले दोन तास का मोकळे पडतात हे आमच्या बाजूनं सांगतो.

ताई, तुमच्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक बहुतेक एक असतील, फार तर दोन. बाकी आमच्यासारखे. एक ते तीन या वेळात तीच माणसं बी.ए.चे तास घेत असणार, कारण बी.ए.ची पोरं मोठ्या संख्येनं येतात आणि वर्गखोल्याही त्यांच्याकडेच जातात. एम.ए.ला उरलेल्या फटी मिळतात. मी स्वतः सकाळी एका गावी तास घेतो, दुपारी दुचाकीनं दुसऱ्या गावी जातो. माझा तास चारला असतो कारण मी पोहोचतोच साडेतीनला. तेव्हा अर्ज जरूर करा, पण त्याआधी चारचा तास घेणाऱ्या सरांशी बोला. ते जर माझ्यासारखे असतील तर त्यांनाही पाचपर्यंत थांबायची हौस नसेल. बी.ए.चा एखादा तास पुढं सरकवून तुमचा अलीकडं घेता येतो. दोन शिक्षकांनी आपसात ठरवून आणलेला बदल प्राचार्य मिनिटात सही करतात. विद्यार्थ्यांच्या अर्जावर मात्र समिती बसते.

इलेक्टिव्हचंही तसंच. दोन इलेक्टिव्ह चालवायची म्हणजे एकाच वेळी दोन खोल्या आणि दोन माणसं. लोकसंख्या आणि कृषी दोन्ही एकच माणूस शिकवणार असेल तर तो एका वेळी दोन वर्गांत कसा उभा राहणार? 'तिघंच आहेत' हे सांगायला सोपं कारण आहे. 'माणूस नाही' हे खरं कारण सांगताना विभागप्रमुखालाच लाज वाटते.

आता माझं मत, पटलं तर घ्या. इलेक्टिव्ह ४ क्रेडिटचं आहे. त्यासाठी विभागप्रमुखांशी भांडण, स्वयमचा खटाटोप, सहीशिक्के, एवढं करून हाती ४च येणार. त्याऐवजी पुढं पाहा. या सेमिस्टरला ओजेटी ४. तिसऱ्या सेमिस्टरला रिसर्च प्रोजेक्ट ४, चौथ्याला ६. हे १४ क्रेडिट असे आहेत की त्यांचा विषय तुम्ही निवडायचा, आणि तिथं मुलांची किमान संख्या कोणी विचारत नाही. कापसाचा भाव, अडत्याची उचल, फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही उभी ठेवलेली पऱ्हाटी, ठेवावी की काढावी याचा हिशेब, जे पाहिजे ते त्यात बसवा. मार्गदर्शक तेवढा शेतीतलं कळणारा मागून घ्या. लोकसंख्याशास्त्र बारा वाजताच्या तासात पाडून घ्या आणि सव्वाचारची गाडी गाठा.

आणि लोकसंख्याशास्त्राला एवढं नाक मुरडू नका. खेड्यातली पोरं पुण्याला का जातात आणि वेचणीला बाई का मिळत नाही, हे त्याच पेपरात येतं. सासऱ्यांना तेही ऐकवता येईल.


तुरीच्या_शेंगा:

ताई मी तुमच्याच विषयाला, दुसऱ्या वर्षाला आहे, पण वर्धा जिल्ह्यात. मी ओजेटी बाजार समितीत केली. बाकीच्यांनी पतसंस्थेत, झेरॉक्सच्या दुकानात वगैरे केली आणि नुसत्या सह्या आणल्या. मला मजा आली म्हणून लिहितो.

४ क्रेडिट म्हणजे १२० तास. आधी प्राचार्यांचं पत्र घ्या समिती सचिवांच्या नावानं, पत्राशिवाय कोणी दारात उभं करत नाही. तिथला एक माणूस तुमचा मेंटर म्हणून लिहून घ्या. रोजची हजेरी आणि त्या दिवशी काय केलं याची डायरी ठेवा, तिच्यावर त्यांची सही त्याच दिवशी घ्या. शेवटी सगळ्या सह्या एकदम मागितल्या तर ते लोक वैतागतात.

जानेवारी-फेब्रुवारीला तुरीची आवक असते, कापूसही येत असतो, दोन्ही पाहायला मिळतं. मी कापसाच्या शेडला असायचो. हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी सीसीआयचा माणूस गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो, वरून नाही, खोल, दोनतीन जागी. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर टक्क्याप्रमाणे कपात, १२च्या वर गेला की माल परत. एक म्हातारे बाबा गाडीवर उभे राहून वरचा कापूस उन्हाकडं उलटापालटा करत होते आणि यंत्रवाला म्हणत होता, बाबा, वरचा नाही, बुडाचा दाखवा. परत गेलेली गाडी त्याच फाटकातून निघून रस्त्यापलीकडं खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर लागते. हमीभाव आणि मिळालेला भाव यातला फरक कुठं पडतो हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. मी शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पावत्यांवरून, म्हणजे पट्ट्यांवरून, दोन्हीकडचे भाव उतरवून घेतले, नावं झाकून, आणि तोच माझा रिपोर्ट झाला.

एकच, महिलांसाठी तिथं बसायची सोय नीट नसते. समितीच्या ऑफिसात टेबल मागून घ्या आणि लिलावाच्या वेळेपुरतं शेडमध्ये जा.

अजून एक, जावकभाऊ, तुम्हाला विचारून घेतो. एम.ए. सोबत बी.एड. करता येतं का? २०२२ पासून दोन डिग्री एकदम चालतात म्हणे.


जावक_क्रमांक:

तुरीच्या शेंगा, चालतात, पण दोन्ही रेग्युलर असतील तर वेळा एकावर एक यायले नाही पाहिजेत, नाहीतर एक रेग्युलर अन् एक मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरस्थ किंवा ऑनलाइन. रेग्युलर बी.एड.ले एनसीटीईची, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम करणाऱ्या परिषदेची, ८० टक्के हजेरी, शाळेतल्या इंटर्नशिपले ९० टक्के. दिवसभर शाळेत उभं राहून तुम्ही एम.ए.च्या वर्गात कधी बसान? वर्गात न बसवता हजेरी लावणारे डमी कॉलेजवाले म्हणतीन होते म्हणून. त्यांच्या नादी लागू नका.

ताई, आता नाव. एबीसी आयडी १२ आकड्यांचा, आता त्यालेच अपार म्हणतात. डिजिलॉकरवरून काढताना ते आधारवरचं नाव उचलते. विद्यापीठाकडं तुमचं नाव बी.ए.च्या मार्कशीटप्रमाणं चढलेलं. दोन्ही जुळत नसले की विद्यापीठ क्रेडिट वर चढवते अन् ते तुमच्या खात्यात दिसत नाहीत. परीक्षा नापास होत नाही, घाबरू नका, पण हे साचत जाते अन् डिग्रीच्या वेळेस अंगावर येते.

रस्ते दोन. एक, विद्यापीठाच्या रेकॉर्डले सासरचं नाव लावायचं. त्याले विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, सोबत अर्ज आणि फी. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येते. दोन, आधारवर पुन्हा माहेरचं नाव करायचं. पण आधार बदललं की बँक, रेशन, सातबारा, लाडक्या बहिणीचं खातं, सगळं हलते. त्यामुळं तुमच्या बाबतीत मी पहिलाच रस्ता सांगीन, अन् तोही याच सेमिस्टरले, परीक्षा फॉर्मच्या आधी. दहावी-बारावीची मार्कशीट तशीच राहू द्या, तिले हात लावायची गरज नाही, राजपत्राची प्रत सोबत जोडली की दोन्ही नावं एकाच बाईची हे सिद्ध होते. प्रत लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काळी येते.

अन् घड्याळी सर, तुमचं बोलणं पटलं मले. फक्त 'आपसात ठरवा' हे तोंडी ठेवू नका. शिक्षक बदलून गेला की ठरलेलं त्याच्यासोबत जाते. ठरवा आपसात, पण कागद करा.


पऱ्हाटी:

सगळ्यांचे आभार. काल कॉलेजात गेले होते.

चारचा तास घेणारे सर खरंच दुसऱ्या गावावरून येतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, मलाच घरी पोहोचायला आठ वाजतात. बी.ए.च्या एका तासाशी अदलाबदल करायला तयार आहेत, फक्त सोमवारी त्यांना जमत नाही. सोमवारचा तास शनिवारी सकाळी घ्यायचं ठरतंय. अर्जावर अकरा सह्या झाल्या, त्यातल्या सात बाहेरगावच्या. आवक नंबर घेतला. खिडकीवरच्या काकांनी चष्मा वर करून पाहिलं माझ्याकडं, पण शिक्का मारला.

कृषीचा आकडा विचारला. सरांनी परिपत्रक शोधलं, सापडलं नाही, 'पाहून सांगतो' म्हणाले. मग स्वतःच म्हणाले की खरं सांगू का, शिकवायला माणूस नाही. घड्याळी सरांनी लिहिलं तेच. मी लोकसंख्याच्या चौकोनात टिक केली. स्वयमच्या भानगडीत पडत नाही.

ओजेटीसाठी बाजार समितीचं पत्र मागितलं, सोमवारी मिळणार. घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, "तिथं काय शिकशीन, तिथं तर मीच चाळीस वर्षं जाऊन रायलो." मी म्हटलं, मग पट्ट्या तुमच्याच द्या रिपोर्टला. त्यांनी कपाटातून एक पिशवी काढून दिली. काही पट्ट्या इतक्या जुन्या आहेत की शाई उडाली आहे, पण तारीख आणि भाव वाचता येतो. नवऱ्याच्या लहानपणच्या पट्ट्याही त्यात आहेत. घड्याळी सर, या तिसऱ्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टला चालतील का, की सरकारी आकडेच लागतात?


घड्याळी_तास:

चालतील म्हणजे काय, सोनं आहे ते. एका घरच्या पट्ट्या म्हणजे एकाच शेतकऱ्याला वर्षानुवर्षं हातात काय पडलं याचा सलग पुरावा. प्राथमिक माहिती म्हणून त्या धरा आणि बाजूच्या रकान्यात त्या त्या वर्षीचा हमीभाव लिहा, तो सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालांत वर्षवार मिळतो. दोन रकान्यांतला फरक म्हणजे तुमचा प्रोजेक्ट. पट्टीवर अडत, हमाली, तोलाई कापलेली दिसेल, तीही वेगळी उतरवा, लोक ती विसरतात.

आज रात्रीच सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शाई उडायची थांबत नाही.


जावक_क्रमांक:

अन् पत्र सोमवारी मिळणार म्हणाले ना, तर सोमवारी अकराच्या आत जा. साहेब दुपारून मीटिंगले असतात. सगळ्याच कॉलेजचे.